कोपराने बंद केलेलं बटण

आमच्या केतकीचं लग्न एका मोबाइल चार्जरमुळे मोडता मोडता राहिलं, आणि त्या चार्जरला मोबाइल लावलेलासुद्धा नव्हता.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. अख्खी नोकरी कालव्यांची गळती शोधण्यात गेली. (सापडली नाही. पण शोधली.) निवृत्तीनंतर शोधायला काही उरलं नव्हतं. नेमकं तेव्हाच आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत वीजबचतीवर एक व्याख्यान झालं. वक्ते म्हणाले, “मोबाइल काढून घेतला तरी भिंतीतला चार्जर थोडी थोडी वीज पीतच राहतो.” बाकीच्या मंडळींनी त्यातलं ‘थोडी थोडी’ तेवढं घेतलं आणि ती चहाकडे वळली. मी ‘पीतच राहतो’ घेऊन घरी आलो. माझा चेहरा बघून सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, दारातच विचारलं, “कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. गळती चालू आहे. आपल्याच घरात.”

ती बादली आणायला वळली. मी तिला थांबवून भिंतीकडे बोट दाखवलं.

माझ्या लहानपणी आमच्या घरात एक दिवा होता आणि एक रेडिओ. दोन्ही एकदम लावले की वडील खोकायचे. पुढे बाहेरच्या कंपन्या देशात आल्या, केतकी त्यातल्या एकीत नोकरीला लागली आणि घरात चार्जर शिरले. तिच्या मोबाइलचा एक, ऑफिसच्या मोबाइलचा दुसरा, लॅपटॉपचा वीट बांधल्यासारखा तिसरा, मग कानात घालायच्या बोंडांचा, मनगटावरच्या घड्याळाचा. घड्याळाला किल्ली देणाऱ्या पिढीतला मी, तेही सोसलं. पण एके सकाळी मोरीत दात घासायचा ब्रश चार्जिंगला लावलेला पाहिला आणि माझं मन उडालं. प्रत्येक चार्जरवर एक बारीक लाल दिवा. सगळे मिळून माझ्याकडे बघत वीज पीत होते.

तेव्हापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ बटणफेरी काढू लागलो. एकेक खोली, एकेक बोर्ड, टक, टक, टक. एकदा त्यात वायफायचं बटण गेलं. केतकी तेव्हा अमेरिकेतल्या साहेबांशी बोलत होती. ते ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले आणि ही बंद पडद्यासमोर हसरा चेहरा धरून बसली. दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो असताना तिथल्या एका फालतू वायरचं बटण बंद केलं, ती माशांच्या पेटीची निघाली. (मासे वाचले. आमचे डॉक्टर बदलले.)

“अहो, पण त्या चार्जरने बिलात असा कितीसा फरक पडणार आहे?” सुनंदा विचारायची.

“प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे.”

“पैशांचा असता तर परवडला असता,” ती म्हणायची आणि मिक्सर लावायची.

अशात केतकीने सांगितलं की तिने लग्न ठरवलंय. मुलाचं नाव पराग. तिच्यासारखाच कॉम्प्युटरवाला. त्याचे वडील विलासराव अमरावतीकडच्या एका गावातून हडपसरच्या कारखान्यात नोकरीला आले आणि आता मांजरीच्या नव्या इमारतीत राहतात. मुलगा चांगला, माणसं चांगली. मी नेहमीचा प्रश्न विचारला, “त्याच्यात विशेष काय पाहिलंस?”

“बाबा, त्यांच्या घरात कुणी बटणं बंद करत फिरत नाही,” केतकी म्हणाली. “म्हणूनच तो आवडला असं नाही. पण आवडण्यात त्याचा वाटा आहे.”

ती हे हसत म्हणाली, पण मला लागलं. मुली छळाला कंटाळून माहेरी येतात असं ऐकलं होतं. आमची बटणांना कंटाळून सासरी निघाली होती.

लग्नाची बोलणी करायला आम्ही मांजरीला निघालो. कर्वेनगर ते मांजरी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक. एवढ्या प्रवासात सुनंदा एकाच विषयावर बोलत होती.

“तिथे कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

“नुसतं नाही म्हणू नका. शपथ घ्या.”

“शपथ. कुठल्याही बटणाला हात लावणार नाही.”

मागच्या सीटवरून केतकी म्हणाली, “बाबा, आजींचा होकार अजून बाकी आहे. त्या घरात आजी म्हणतील ती पूर्व. प्लीज.” तिचा आवाज इतका साधा होता की मी त्याच क्षणी दोन्ही हात खिशात घातले. सिग्नल सुटल्यावर बाहेर काढले, कारण गाडी मीच चालवत होतो.

आजी, म्हणजे विलासरावांच्या आई. घरात सगळे त्यांना माय म्हणत. पडून खुबा मोडल्यामुळे त्या पलंगाला खिळल्या होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली हवेची गादी घातली होती, आणि हवा भरणारा छोटा पंप दिवसरात्र ‘घुर्र घुर्र’ करत असे. गादीला एक बारीकसं भोक पडलं होतं, पण पंप सतत चालू असल्यामुळे ते चालून जाई. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की हॉलला लागून असलेल्या खोलीचं दार सताड उघडं आहे, आत कठड्याच्या पलंगावर एक आजी आहेत, आणि त्या चष्म्यातून आमच्यावर पाळत ठेवून आहेत.

“या न, या न! बसा न!” विलासराव म्हणाले. आम्ही बसलो आणि पोहे आले. पोह्यांवर लालभडक तर्री. मग सांबारवडी, म्हणजे तिकडची कोथिंबिरीची वडी. मग संत्र्याची बर्फी. मी एका वडीवर थांबलो तर परागच्या आई, मंगलाताई, म्हणाल्या, “काहून? आवडली नाही का?” आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की आम्ही लगेच विश्वास ठेवतो. इथे तशी काही सोय नव्हती.

तर्रीने माखलेले हात धुवायला उठलो. बेसिन हॉलच्या कोपऱ्यात होतं, आणि बेसिनशेजारी होता बोर्ड.

काय सांगू! त्या बोर्डातून निघालेल्या लांब पट्टीवर ओळीने चार्जर, आणि एकालाही मोबाइल नाही. वायरी भुकेल्यासारख्या लोंबत होत्या. पाच लाल दिवे. त्याच पट्टीत शेजारी एक जाड काळी वायर, ती सोफ्यामागून कुठेतरी गेलेली. मी तोंड फिरवलं. आरशात पुन्हा तेच पाच दिवे दिसले. मी डोळे मिटून हात धुतले, शपथ आठवली, मुलीचा आवाज आठवला. मग असंही आठवलं की शपथ हाताची आहे. कोपराबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं.

टक.

पाचही दिवे मालवले. एक बारीक घुरघुरसुद्धा थांबली आणि घर कसं शांत झालं. मला अगदी पुण्य लागल्यासारखं वाटलं. मी येऊन बसलो. पाठोपाठ पराग, मंगलाताई आणि विलासराव तिघांनीही उठून आपापले मोबाइल त्या पट्टीवर लावले, कारण त्या घरात चार्जरवर सगळ्यांचा विश्वास होता.

बोलणी सुरू झाली. मी आमचा बेत मांडला. लग्न पुण्यात, घराजवळच्या कार्यालयात, सकाळच्या मुहूर्तावर. मोजकी माणसं, दुपारी जेवण, चारला मोकळे. सकाळच्या मुहूर्तामागे माझा खास विचार होता. सूर्य फुकट असतो.

आतून आजींचा खणखणीत आवाज आला, “लग्न गावाले होईन. गोरज मुहूर्तावर. गावजेवण पायजे. अन् वेशीपासून घरापर्यंत लायटिंग.”

गोरज मुहूर्त म्हणजे अंधार. अंधार म्हणजे रोषणाई.

“आजी, एवढ्या लांब आमची माणसं यायची कशी?”

“आमची नाही आली का पुण्यात?”

“पण अख्ख्या गावाला जेवण कशासाठी?”

“गावाले भूक लागते म्हणून,” आजी म्हणाल्या.

मी सोफ्यावर आजींच्या दाराच्या अगदी समोर बसलो होतो. सुरुवातीला कठड्याच्या वर त्यांचा चेहरा पूर्ण दिसत होता. गावजेवणाच्या मुद्द्याला हनुवटी दिसेनाशी झाली. वाजंत्रीवर आलो तेव्हा नुसता चष्मा उरला होता. मला वाटलं, माझ्या मुद्द्यांचा परिणाम होतोय. म्हणून मी जोर वाढवला. पुणेरी माणसाला समोरचा खचताना दिसला की गप्प बसवत नाही.

“हे बघा विलासराव, स्पष्ट बोलतो,” मी म्हणालो. “आमच्याकडे लोक लग्नाला येतात, जेवतात आणि जातात. जत्रा भरवायची आमच्याकडे पद्धत नाही.”

सुनंदाने कपाळावर हात नेला. केतकी माझ्याकडे बघतच राहिली. सकाळपासून हसत असलेले विलासराव पहिल्यांदा हसायचे थांबले. बर्फीची बशी त्यांनी हळूच आपल्या बाजूला ओढली.

“बरं आहे,” ते म्हणाले. “मग आम्ही विचार करून कळवतो.”

‘विचार करून कळवतो’ याचा अर्थ सगळ्या महाराष्ट्रात एकच आहे. परागने केतकीकडे पाहिलं, केतकीने जमिनीकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माझे शब्द परत गिळावेसे वाटले, पण आधीच चार वड्या गिळलेल्या होत्या आणि वर अभिमानही आडवा येत होता.

तेवढ्यात आतून खोल, विहिरीतून यावा तसा आवाज आला.

“विलास... मले खाली खाली गेल्यासारखं वाटून राह्यलं.”

सगळे आत धावले. आजी गादीत पार रुतल्या होत्या. दोन्ही बाजूंनी कठडे, आणि मध्ये तळाशी आजी.

“माय, काय होते?” विलासराव ओरडले.

“धरणीमाय बोलावून राह्यली, बाप्पा.”

मंगलाताई देवघरातून गंगेचं पाणी घेऊन आल्या. केतकी आजींच्या पायाशी बसून तळपाय चोळू लागली. पराग डॉक्टरांना फोन करायला हॉलमध्ये पळाला आणि तिथून ओरडला, “बाबा, माझा मोबाइल बंद पडला! तुमचाही! इतका वेळ लावलेत, एकही चार्ज झाला नाही!”

“लाइट गेली का?”

“नाही, पंखा चालू आहे!”

पंखा चालू आहे. चार्जर बंद आहेत. एक जाड काळी वायर सोफ्यामागून गेली आहे. मी पलंगाखाली पाहिलं. वायर तिथे येऊन एका गप्प डब्यात शिरली होती. नोकरीभर न सापडलेली गळती मला त्या क्षणी सापडली.

मी दाराकडे वळलो आणि आजींनी माझं मनगट पकडलं. मरणाऱ्या बाईच्या मानाने पकड जबर होती.

“तुम्ही कुठी चालले, इवाई? बसा. माही शेवटची इच्छा आयका.”

आमचा होकार-नकार लोंबकळत असताना त्यांनी मला इवाई, म्हणजे व्याही, म्हटलं होतं. बोर्ड दहा पावलांवर, आणि मी तिथे वाकलेला, मनगटाने बांधलेला. खरं सांगावं तर लग्न मोडतं. न सांगावं तर आजी आणखी खाली जातात.

“लग्न गावाले करसान?”

“करू, आजी.”

“गोरज मुहूर्तावर?”

“गोरज तर गोरज. मी आलोच एक मिनिटात...”

“गावजेवण?”

“पोटभर. हात सोडता का जरा?”

“अन् लायटिंग?”

माणसाला तत्त्व असतं. आजींनी एक दीर्घ उसासा सोडला, गादीनेही सोडला, आणि त्या आणखी बोटभर खाली गेल्या. विलासराव हुंदका देऊन म्हणाले, “माय, नको न जाऊ!”

“वेशीपासून घरापर्यंत!” मी ओरडलो. “विहिरीलासुद्धा लावू!”

आजींनी मनगट सोडलं. मी “पाणी आणतो” म्हणत हॉलमध्ये झेपावलो आणि बटणावर पूर्ण तळवा मारला. घुर्र घुर्र सुरू झालं. आयुष्यात एवढं गोड संगीत मी ऐकलेलं नाही.

पाणी घेऊन आत गेलो तेव्हा आजींचा चष्मा कठड्यावर उगवत होता. मग नाक. मग हनुवटी. मंगलाताईंच्या हातातलं गंगेचं पाणी तसंच राहिलं.

“माय वर येऊन राह्यली!” विलासराव म्हणाले.

आजींनी डोळे उघडले आणि पायाशी बसलेल्या केतकीकडे बोट दाखवलं. “हिनं पाय धरले अन् मी परत आली. पायगुणाची पोरगी आहे. आता विचार करून काय कळवतं, विलास? साखर आण.”

साखर आली, बर्फीची बशी परत आली, विलासरावांनी मला मिठी मारली. गडबडीत पंपाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. फक्त सुनंदा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि ओठ न हलवता म्हणाली, “हात की कोपर?”

“कोपर,” मी म्हणालो.

लग्न गावाला झालं. वेशीपासून घरापर्यंत माळा होत्या. कडुनिंबाला होत्या, गोठ्याला होत्या, आणि शब्द दिल्याप्रमाणे विहिरीलाही होत्या. मागे ट्रॅक्टरएवढा जनरेटर धडधडत होता. आमच्या सगळ्या बटणफेऱ्यांनी जन्मभरात जेवढी वाचली असती त्याहून जास्त वीज मंगलाष्टकं संपायच्या आत जळाली असेल. पण केतकी त्या उजेडात अशी दिसत होती की मी एकदाही बोर्ड कुठे आहे ते शोधलं नाही. (एकदा शोधलं. तिथे मुद्दाम एक माणूस बसवला होता.)

अक्षता पडल्यावर आजींनी मला बोलावलं. आता त्या चाकाच्या खुर्चीत बसू लागल्या होत्या.

“इवाई, त्या दिवशी तुम्ही कोपर मारलं न, थे म्या पाह्यलं.”

मी कोपर शेल्याखाली लपवायला गेलो, पण शेला अजून मिळायचा होता.

“माह्या पलंगावरून बोर्ड सरळ दिसते. त्या पंपाच्या घुरघुरीनं मले झोप नव्हती. घर पयल्यांदा गप झालं, तर म्हटलं चांगला माणूस आहे. मंग खाली जाऊ लागली, तवा समजलं. आधी वाटलं सांगावं. मंग तुम्ही जत्रा म्हणाले. म्हटलं, आता जाऊ द्या थोडं खाली.”

“आजी, मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलले?” आजी म्हणाल्या.

मग त्यांनी मला मानाचा आहेर केला. शेला, टोपी, नारळ, आणि वर हळदकुंकू लावलेला एक कोराकरकरीत मोबाइल चार्जर. “घरी नेऊन भितीत लावा,” त्या म्हणाल्या. “अन् बंद करू नका. मी पायत जाईन.”

त्या खरंच बघतात. दर रविवारी केतकी मांजरीहून व्हिडिओ कॉल लावते. आजी आधी सुनंदाची चौकशी करतात, मग म्हणतात, “इवायाचा लाल दिवा दाखवा.” सुनंदा मोबाइल भिंतीकडे धरते. आमच्या घरातले बाकीचे सगळे चार्जर वेळच्या वेळी बंद होतात. दिवसरात्र चालू असतो तो हा एकटाच, आणि त्याला कधीही मोबाइल लावला जात नाही. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावलं की सुनंदा मला भिंतीकडे वळवून म्हणते, “त्यालाही नमस्कार करा.” मी करतो. अगदी कोपरापासून करतो.